सहीची घाई कुणाला?

रोक्वान स्मिथ हा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या माँटेझुमा या लहानशा गावचा फुटबॉल खेळणारा मुलगा. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाची निवड जाहीर केली. सहीचा कागद फॅक्स करायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात बातमी आली, की त्याला तिकडे नेऊ पाहणारे प्रशिक्षक जेफ उलब्रिक स्वतःच अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाकडे चालले आहेत. स्मिथने कागद पाठवलाच नाही. पुढे तो आपल्याच राज्यातल्या जॉर्जिया विद्यापीठात गेला, तेही तसा बांधून ठेवणारा कागद न देता, फक्त शिष्यवृत्तीच्या करारावर. २०१७ साली देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला, म्हणजे बचावातल्या खेळाडूला, मिळणारा बटकस पुरस्कार त्याला मिळाला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत शिकागो बेअर्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं.

फेब्रुवारी २०१५ च्या त्याच आठवड्यात डेट्रॉइटच्या माइक वेबरने ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याला तिकडे नेणारे प्रशिक्षक स्टॅन ड्रेटन शिकागो बेअर्सकडे निघून गेले. वेबरची सही होऊन गेली होती.

या गोष्टी फेब्रुवारीतल्या, म्हणजे मुलांना विचाराला वेळ जास्त मिळत होता तेव्हाच्या. आता बहुतेक मुलं डिसेंबरच्या सुरुवातीलाच सही करून मोकळी होतात. या लवकरच्या मुदतीला माझा विरोध आहे.

मी टेक्ससमधल्या एका सरकारी हायस्कुलात बीजगणित शिकवते. शुक्रवारी रात्री इथे अख्खं गाव फुटबॉल बघायला स्टेडियमवर असतं. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कवच. १९८४ च्या कायद्यानुसार टेक्ससमध्ये विषयात सत्तरच्या खाली गुण पडले की मुलाला काही आठवडे सामना खेळता येत नाही, म्हणून ही धिप्पाड मुलं माझ्या टेबलाशी वही घेऊन उभी राहतात. मोठ्या विद्यापीठाच्या संघातून खेळायचं तर हायस्कूलचे सोळा मुख्य विषय पूर्ण लागतात, त्यांची सरासरी २.३ च्या खाली जाऊन चालत नाही. ते सोळा विषय जुळवताना घरचे हिशेबही कानावर येतात. वडील ट्रक चालवतात, आई रात्रपाळी करते, आणि फी, राहणं, जेवण, पुस्तकं असं सगळं देणारी शिष्यवृत्ती समोर आहे. अशा घरात ‘बुधवारी सही कर, नाहीतर जागा दुसऱ्याला’ असा निरोप आला की काय होतं, ते मी पाहिलंय. त्या आठवड्यात मुलगा वर्गात असून नसल्यासारखा असतो. आई फोनवर मलाच विचारते, मिस, काय करू?

पद्धत अशी. सोळा-सतरा वर्षांच्या, कधी त्याहूनही लहान मुलाला प्रशिक्षक शिष्यवृत्तीचा शब्द देतात आणि मुलगा तोंडी होकार कळवतो. ही नुसती बोलणी, साखरपुडा नव्हे. दोघांपैकी कुणीही केव्हाही माघार घेऊ शकतं. बांधून ठेवायचं ते १९६४ पासून २०२४ पर्यंत चाललेलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र. त्यावर मुलाची सही, वय एकविसाच्या आत असेल तर पालकांचीही. सही झाली की इतर विद्यापीठांनी त्या मुलाला गळ घालायची नाही. आणि विद्यापीठाने मोकळं न करताच तो दुसरीकडे गेला, तर एक वर्ष बाहेर बसायचं आणि खेळायच्या चार हंगामांतला एक गमवायचा. सही विद्यापीठाशी आहे, प्रशिक्षकाशी नाही, हेही त्या पत्रात मान्य करून घेतलेलं असे. पण सतरा वर्षांचा मुलगा इमारतींकडे बघून सही करत नाही. आपल्या घरी येऊन आजीशी गप्पा मारून गेलेल्या माणसाकडे बघून करतो.

पूर्वी या सह्यांचा दिवस एकच, फेब्रुवारीतला पहिला बुधवार. २०१७ मध्ये त्याच्या आधी आणखी एक मुदत ठेवायचं ठरलं आणि २० ते २२ डिसेंबर २०१७ हे तीन दिवस पहिल्यांदा त्यासाठी दिले गेले. कारणं खोटी नव्हती. ज्याचं मन वर्षभरापूर्वीच ठरलंय, त्याला रात्री-बेरात्री येणाऱ्या फोनांतून सुटका हवी असते. लहान विद्यापीठं एखादा मुलगा हेरतात, त्याच्यावर मेहनत घेतात आणि जानेवारीत मोठं विद्यापीठ त्याला उचलून नेतं, हेही खरं. माझ्या वर्गातला एक मुलगा डिसेंबरच्या सहीनंतर महिन्याभराने प्रथमच निवांत दिसला होता, ते मी नाकारणार नाही.

पण डिसेंबर हाच प्रशिक्षकांच्या पळापळीचा महिना. २०२१ चं उदाहरण घ्या. २८ नोव्हेंबरला लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात यूएससीकडे गेले. लगोलग ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटकडे, दहा वर्षांच्या आणि साधारण साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर. ६ डिसेंबरला मारिओ क्रिस्टोबाल ओरेगनहून मायामीला. सह्या सुरू होणार होत्या १५ डिसेंबरला. ज्यांनी या तिघांच्या शब्दावर होकार दिला होता, त्यांना सगळं आयुष्य नव्याने मांडायला उरले पंधरा ते सतरा दिवस, कुणाला नऊच. मुदत जवळ आली, म्हणून विद्यापीठंही प्रशिक्षकांच्या हकालपट्टीची घाई करू लागली; यूएससीने त्या वर्षी आपले प्रशिक्षक क्ले हेल्टन यांना हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यानंतर घरी पाठवलं. आणि पळवापळवी तरी थांबली का? त्याच १५ डिसेंबरला देशातला अव्वल मानलेला ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला होकार मोडून जॅक्सन स्टेटकडे गेला.

२०२४ पासून तर ही मुदत आणखी अलीकडे ओढली गेली. त्या वर्षी सह्या ४ डिसेंबरला सुरू झाल्या. टेक्ससच्या हायस्कूल स्पर्धेचे अंतिम सामने डिसेंबरच्या उत्तरार्धात असतात. म्हणजे बाद फेरी चालू, सहामाही परीक्षा तोंडावर आणि मुलगा पुढच्या चार वर्षांचा कागद वाचतोय. शेवटच्या हंगामात ज्याची उंची वाढली, ज्याचा खेळ नोव्हेंबरात फुलला, त्याच्याकडे बघायला येईपर्यंत बऱ्याचशा जागा भरलेल्या असतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जुनं पत्र रद्द झालं. आता शिष्यवृत्तीचा करारच ते काम करतो आणि सही झाल्यावर बाकीच्यांचे फोन बंद होतात. यावर लोक म्हणतात, मुलांना आता विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, मग काळजी कसली? पण त्या वाटेवर दरवर्षी हजारो खेळाडू उभे असतात. एकोणीस वर्षांचे, एक वर्ष बाकावर बसून काढलेले, गावापासून हजार मैलांवर आलेले. सगळ्यांना दुसरं घर मिळत नाही, आणि बदललेल्या कॉलेजात आधीचे सगळे विषय धरले जातीलच असंही नाही. गणिताच्या शिक्षिकेला हे दुखतं.

माझी मागणी साधी आहे. प्रशिक्षकांच्या नेमणुका उरकू द्या आणि सह्या पुन्हा फेब्रुवारीत आणा. लवकरची मुदत ठेवायचीच असेल, तर सही घेणारा प्रशिक्षक वर्ग सुरू होण्याआधी गेल्यास मुलगाही विनाअट मोकळा, असं करारात छापा. आणि यात मुख्य प्रशिक्षकाबरोबर सहायकही धरा, कारण उलब्रिक आणि ड्रेटन दोघेही सहायकच होते. तोवर फोन करणाऱ्या प्रत्येक आईला मी एकच सांगते: हे प्रशिक्षक गेले तर माझ्या मुलाचं काय, हा प्रश्न सहीच्या आधी विचारा आणि उत्तर कागदावर मागा.