एका सिलिंडरचा जमाखर्च

सकाळी गॅसवर थंड पाण्याचं पातेलं ठेवलं की क्षणभर त्याच्या बुडाला बाहेरून दव धरतं. पातेलं गळतंय की काय, अशी शंका येते. पण ते पाणी पातेल्यातलं नसतंच, जळणाऱ्या गॅसचं असतं. किती, ते समीकरण सोडवलं की कळतं.

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन. सोयीसाठी नुसता ब्यूटेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ अणू, हायड्रोजनचे १०. ऑक्सिजनबरोबर तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आधी कार्बन मिटवा : डावीकडे ४, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४. हायड्रोजन १०, पाण्याच्या रेणूत दोन-दोन, म्हणजे पाणी ५. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी. डावीकडे तो एकटाच असल्यामुळे त्याचा आकडा बदलला तरी आधीचं जुळलेलं विस्कटत नाही. उजवीकडे त्याचे अणू ८ अधिक ५, म्हणजे १३. हवेतला ऑक्सिजन मात्र जोडीनं येतो. साडेसहा रेणू कुठून आणायचे? मग सगळंच दुप्पट : ब्यूटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

साडेसहापाशी अडलेली मुलं कधी कधी गुपचूप पाण्याच्या रेणूतच ऑक्सिजनचा एक अणू वाढवतात. गंमत म्हणजे हिशेब जुळतो! फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं. आकडा रेणूच्या पुढे मांडायचा, त्याच्या पोटातला हलवायचा नाही.

अभिक्रियेआधी जितकं वस्तुमान तितकंच नंतर, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७८९च्या ग्रंथात ठासून मांडलं. हा गृहस्थ करवसुलीच्या धंद्यातला भागीदार. त्याच पायी १७९४मध्ये गिलोटिनखाली गेला. त्याच्या तराजूत आपला १४.२ किलोचा सिलिंडर घालू. तो हवेतला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खातो आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी सोडतो. इकडे ६५, तिकडे ६५. म्हणजे घागरभराहून जास्त पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरातून जातं.

आता गॅस गीझर लावलेली, दारं-खिडक्या बंद असलेली न्हाणी घ्या. ऑक्सिजन १३ऐवजी ९च मिळाला, तर टोकाचा हिशेब असा : ब्यूटेन २, ऑक्सिजन ९, कार्बन मोनॉक्साइड ८, पाणी १०. मोजून पाहा, हेही तंतोतंत जुळतं. सिलिंडर गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास येतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो.