शर्यतीचें इंजिन आणि आमची इगतपुरी

मुंबईहून नाशिकास येणाऱ्या आगगाड्यांस कसाऱ्याला मागून आणखी इंजिनें जोडतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. थळघाटाची चढण गाडीच्या एकट्या इंजिनास झेपत नाहीं, म्हणून हा मागचा रेटा. इगतपुरी आली कीं मदतीचीं इंजिनें सुटतात व गाडी स्वतःच्या बळावर नाशिकची वाट धरते. याच इगतपुरीशीं संबंध असलेल्या एका मोटार-कारखानदारानें जागतिक शर्यतींसाठीं इंजिनें कशीं बांधलीं, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि तें सांगतांना घाटांतील त्या मागच्या इंजिनाची आठवण आम्हांस झाल्यावांचून राहत नाहीं.

महिंद्रा कंपनी 1945 सालीं निघाली आणि अमेरिकन विलीज जीप-गाड्यांचे भाग येथें जुळवून मोटारधंद्यांत शिरली. पुढें 1979 सालीं तिनें फ्रान्समधील प्यूजो कंपनीशीं करार करून डिझेल इंजिनाची विद्या मिळविली, व तीं इंजिनें इगतपुरीच्या कारखान्यांत होऊं लागलीं. नाशिकच्या सातपूर भागांतील तिच्या कारखान्यांतून निघालेल्या गाड्या आज खेड्यापाड्यांच्या वाटा तुडवीत आहेत.

गुरु मिळाला तोही सामान्य नव्हे. ‘ग्रां प्री’ म्हणजे फ्रेंच भाषेंत ‘मोठें बक्षीस’. 1912 सालीं दिएप येथें झालेली ही शर्यत प्यूजोच्या गाडीनें जिंकली. तिचें इंजिन 7.6 लिटरांचें, आणि तिनें मागें टाकलेल्या फियाटचें 14 लिटरांहून मोठें! युक्ती एवढीच कीं, प्रत्येक सिलिंडरास चार हलक्या झडपा ठेवून त्या उघडण्यासाठीं माथ्यावर दोन दांडे बसविले होते. हलक्या झडपा त्वरेनें उघडतात व मिटतात, हवा भरपूर आंत येते, आणि इंजिन अधिक वेगानें फिरतें. आकारावर बुद्धीनें केलेली ही मात पुढील शर्यतींच्या इंजिनांस कित्ता होऊन बसली.

महिंद्रांनीं 2011 सालीं मोटारसायकलींच्या जागतिक ग्रां प्री शर्यतींत 125 सी. सी. च्या वर्गांत प्रवेश केला. असें करणारी ती पहिलीच भारतीय कंपनी. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅलेन्सिया येथें डॅनी वेब यानें चांचणीच्या फेऱ्यांत सर्वांत कमी वेळ नोंदवून शर्यतीच्या आरंभाचें अग्रस्थान पटकाविलें.

2012 पासून नियम पालटले. आतां एकाच सिलिंडरचें, 250 सी. सी. चें, चार-स्ट्रोकचें इंजिन हवें होतें. इगतपुरीचें तें जुनें डिझेल इंजिन मिनिटास चार हजारांच्या आसपास फेरे घेई; हें चिमुकलें यंत्र तेरा हजारांहून अधिक, म्हणजे सेकंदास दोनशेंहून जास्त फेरे घेतें. एवढ्या वेगांत झडप मिटण्यास किंचित् जरी उशीर झाला, तर दट्ट्या तिच्यावर आदळून सारें यंत्र निकामी व्हावयाचें. पहिलें वर्ष निराशेंतच गेलें. मग स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीच्या साह्यानें नवें यंत्र बांधलें, आणि 2013 सालीं मलेशियांतील सेपांग येथें मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. अखेर 26 जून 2016 रोजीं हॉलंडमधील आसेन येथें फ्रान्सेस्को बान्याया या इटालियन तरुणानें महिंद्रांस पहिला विजय मिळवून दिला. हाच बान्याया पुढें दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर 2022 व 2023 सालीं सर्वांत वरच्या वर्गाचा जगज्जेता झाला.

त्याच 2016 च्या ऑगस्टांत झेक देशांतील बर्नो येथें जॉन मॅकफी पहिला आला. त्याच्या गाडीवर नांव प्यूजोचें, पण गाडी महिंद्रांची! प्यूजोच्या दुचाकी-शाखेचे 51 टक्के भाग महिंद्रांनीं 2015 सालीं घेतले होते. ज्या घरीं आपण शिकावयास गेलों, त्या घराचें नांव आपल्या यंत्रानें विजयी करावें, हा योग मोठा हृद्य खरा.

तथापि आनंदाच्या भरांत सत्याकडे डोळेझांक करणें आम्हांस रुचत नाहीं. हीं यंत्रें इगतपुरीस बांधलीं नव्हतीं. त्यांचें ठाणें इटलींतील बेसोझ्झो गांवीं, बांधणारे हात बहुतांशीं युरोपीय, स्वारही परदेशीय. द्रव्य व जिद्द तेवढी आमची. 2017 च्या अखेरीस कंपनीनें या शर्यतींतून अंग काढून घेतलें व विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींकडे आपलें लक्ष वळविलें.

मग हा विजय आमचा म्हणावा कीं नाहीं? परक्याचें साह्य घेण्यांत लाज आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. घाटांत मागून रेटा घेणाऱ्या गाडीस कोणी दुबळी म्हणत नाहीं. पण तो रेटा सुटल्यावर गाडी जागींच उभी राहिली, तर चढण चढून काय मिळविलें? डिझेल इंजिनाची विद्या इगतपुरीच्या कामगारांच्या हातांत उतरली, म्हणून ती टिकली. शर्यतीच्या यंत्राची विद्या मात्र अजून आमच्या हातांत उतरावयाची आहे. ज्या घरांतील मुलें आज नाशिकच्या विद्यालयांत यंत्रशास्त्र शिकत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींनीं त्यांस परीक्षेच्या गुणांबरोबरच एवढेंही एकदां विचारावें: बाळ, तुझ्या हातांनीं तूं काय बांधलेंस?