मदरबोर्ड बदलताना

मदरबोर्ड गेला म्हणजे फोटो, पेन्शनचे कागद सगळं गेलं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. तो ऐवज हार्ड डिस्कवर असतो. मात्र विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते; नसेल तर डिस्क उघडत नाही.

इथे जयपूरला एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटमध्ये बोर्ड मागितला, की पहिला प्रश्न येतो, "सॉकेट कौनसा?" प्रश्न रास्त आहे. माझा प्रोसेसर इंटेलचा तिसऱ्या पिढीचा, २०१२चा. त्याला एलजीए ११५५ सॉकेटच लागतं. रॅम डीडीआर३, ती डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. म्हणजे आजचा बोर्ड घेतला तर प्रोसेसर आणि रॅमही नवी. म्हणून मी वापरलेला बोर्ड घेतला. असा घेताना कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना, सॉकेटमधली पिन वाकलेली नाही ना, हे भिंगातून बघा.

इथली हिवाळ्यातली हवा कोरडी. लोकरीचा स्वेटर उतरवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच बोर्ड उचला. बोर्डाखालचे पितळी खांब फक्त स्क्रूच्या भोकांखाली हवेत. एखादा भलतीकडे राहिला तर शॉर्ट होतो. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट नवी लावा. २४ पिनांची मोठी वायर सगळे लावतात, प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची विसरतात. मग पंखे फिरतात, पडदा काळाच!