शाळेचा पैसा आणि नियमाचे पोटकलम

1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंडीगड दोन राज्यांची राजधानी बनले. स्वतः मात्र विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश राहिले. शहराची हद्द ओलांडली की एकीकडे पंजाबातील मोहाली, दुसरीकडे हरियाणातील पंचकुला. संसदेने केलेला 2009 चा शिक्षणहक्क कायदा तिन्ही ठिकाणी एकच आहे. तरीही गरीब घरातील मुलाला कोणत्या शाळेचे दार उघडेल, याचे उत्तर या काही मैलांत बदलत आले आहे. कारण कायदा संसदेचा असला, तरी त्याखालचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे.

या कायद्याच्या कलम 12 नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गातील किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. त्यांचा खर्च सरकार भागवते. सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेचे शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी, ती शाळेला मिळते. पंजाबने 2011 च्या आपल्या नियमांत एक पोटकलम घातले. अशा मुलाने प्रथम सरकारी वा अनुदानित शाळेत प्रवेश मागावा आणि तेथे जागा नसेल तरच खासगी शाळेकडे वळावे, असा त्याचा आशय होता. सरकारी शाळेत जागा नाही असे सहसा होत नाही. त्यामुळे 25 टक्क्यांची तरतूद पंजाबात जवळपास कागदावरच राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हे पोटकलम मूळ कायद्याशी विसंगत मानले आणि येत्या सत्रापासून जागा राखण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्रातील वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने तेथेही नियम बदलले गेले. एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्के जागांतून सूट मिळणार होती. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. कर्नाटकातील अशीच सवलत मात्र तेथील उच्च न्यायालयाने 2019 मध्ये उचलून धरली होती. म्हणजे प्रश्न एकट्या पंजाबचा नाही आणि त्याला दुसरी बाजूही आहे.

ती बाजू मी सरकारी सेवेत जवळून पाहिली आहे. अर्थ विभागाच्या दृष्टीने सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतन दिलेलेच असते. वर्गात आणखी पाच मुले बसली तर तिजोरीवर फारसा भार पडत नाही. तीच पाच मुले खासगी शाळेत गेली, तर नवे देयक तयार होते. शिवाय शेजारची सरकारी शाळा ओस पडत असताना सार्वजनिक पैसा बाहेर का जावा, हा सवाल गैर नाही. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. काटकसर कोणाच्या मुलांच्या निवडीवर करायची, हे आधीच ठरलेले असते. टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची मुले त्या सरकारी शाळेत क्वचितच असतात. शाळा वाचवायची तर ती चांगली करावी लागते. गरिबाला दुसरीकडे जाण्यास मज्जाव करून शाळेचा पट टिकेल, पण तिचा दर्जा वाढणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुना वाद ऐकू येतो. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती स्थानिक संस्थांच्या इच्छेवर होती आणि खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सरकारने उचलावा, अशी त्यांची मागणी होती. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी बारगळले. आक्षेपांत पैशाचा प्रश्न ठळक होता. पुढे 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात आणि 1919 मध्ये पंजाबात कायदे झाले. त्यांनीही सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपवला आणि उत्पन्न तोकडे असलेल्या संस्थांनी तो लांबणीवर टाकला. हक्क एका हाताने द्यायचा आणि खर्चाची जबाबदारी संदिग्ध ठेवायची, ही रीत शंभर वर्षांची आहे.

आजच्या कायद्यात ती संदिग्धता निदान शब्दांत तरी उरलेली नाही. कलम 7 केंद्र व राज्य दोघांवर निधीची जबाबदारी टाकते. अंतिम भार मात्र राज्यावर ठेवते. म्हणून न्यायालयाच्या निकालाने काम संपत नाही. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे रखडली, तर खासगी शाळा प्रवेश टाळण्याच्या वाटा शोधतात आणि भोगतो तो विद्यार्थी. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत प्रतिविद्यार्थी 17,670 रुपये हा दर धरला गेला; तरी थकबाकीची शाळाचालकांची तक्रार मिटलेली नाही.

मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. राज्याने आपला प्रतिविद्यार्थी खर्च, तो कसा काढला यासह, दरवर्षी जाहीर करावा. प्रतिपूर्तीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी आणि ती सरकारी शाळांच्या अनुदानातून कापली जाऊ नये. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. कलम 38 नुसार राज्याचा प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. पंजाबचे पोटकलम चौदा वर्षे टिकले. त्याचा निवाडा शेवटी न्यायालयाला करावा लागला. पटलावर ठेवलेला कागद आमदारांनी वाचावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत, एवढीच अपेक्षा आहे. शाळेचा पैसा कोठे जाईल, हे पुष्कळदा त्याच कागदावर ठरलेले असते.