चिखलात रुतलेली गाडी कशी काढतात



मेळघाटातील सेवेसाठी आपण जीप दिलीत, तेव्हापासून मंडळीतून एक प्रश्न हमखास येतो: आता पावसाळ्यातही सगळी गावे गाठता येत असतील ना? नाही येत. कारण तिथली काळी माती.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. टायरच्या खाचा भरल्या की चाकाला पकड राहत नाही. त्यात आपली जीप मागच्या दोन चाकांवर चालते. एक चाक रुतून मोकळे फिरू लागले की दुसरे नुसते उभे राहते. अशा वेळी ॲक्सिलेटर दाबला तर चाक स्वतःच खड्डा खणते. गाडीचे पोट जमिनीला टेकले, मग दिवसच गेला म्हणायचा.

जुलैत धारणी तालुक्यात एका गर्भवती बहिणीला आणायला निघालो होतो. आठवा महिना, पायांना सूज. नाल्याच्या चढावर मागचे चाक रुतले. ड्रायव्हरभाऊंनी चाक दोनदा घसरताच इंजिन बंद केले, सर्वांना उतरवले, सामान काढले. पुढचे काम फावड्याचे. चाकापुढचा चिखल तिरपा काढायचा, म्हणजे चाकाला चढायला वाट मिळते. पोटाखालचाही काढायचा. जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. चाक उचलले की त्याखाली दगड आणि त्यावर वाटेकडेच्या घाणेरीच्या फांद्या. (घाणेरी रानभर माजली आहे, दुसऱ्या झाडाला आम्ही हात लावत नाही.) टायरची हवा 30 वरून 20 वर आणली की टायर पसरतो, पकड वाढते. मग दुसरा गिअर, हॅन्डब्रेक किंचित ओढलेला, आणि क्लच हळूहळू सोडायचा. हॅन्डब्रेकने मोकळे चाक आवरते, जोर दुसऱ्याला मिळतो. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या थेट मागे उभे राहू नये. दोर लावला असेल तर त्याच्या रेषेत कोणीच नको. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

अडीच तास गेले. शेजारच्या शेतांतून निंदणी सोडून नऊजण आले होते. अशा वेळी कोरकू माणूस पैशाची गोष्ट काढत नाही, म्हणूनच ती आपण काढावी असे मला वाटते. आम्ही मजुरी देऊ केली. एका आजोबांनी पैसे नाकारून तंबाखू मागितली. आमच्याकडे तंबाखू कुठली! बिस्किटांचा पुडा दिला.

तोवर गावकऱ्यांनी त्या बहिणीला खाटेची डोली करून नाल्यापर्यंत आणलेही होते. गाडी गावात शिरलीच नाही, आणि शिरायची गरजही नव्हती. संध्याकाळी ती धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाली.

त्यानंतर आम्ही ठरवले: जून ते सप्टेंबर गाडी शेवटच्या पक्क्या रस्त्यावर उभी करायची, पुढे पायी जायचे. दिलेली गाडी उभी राहते हे काही दात्यांना खटकेल. पण ती रुतते तेव्हा ज्यांच्यासाठी आपण जातो, त्यांचाच दिवस मोडतो.

यंदा आम्हाला घडीचे स्ट्रेचर, दोन फावडी आणि पायाने मारायचा पंप हवा आहे. त्या बहिणीला ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बाळाचे वजन कमी आहे, दोघींची प्रार्थनेत आठवण ठेवा.