विद्यार्थी दंतविमा : हप्ता आणि संरक्षण यांचा विचार
(विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्हे)

प्रस्तावना
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्याची चर्चा बहुधा अपघात व शस्त्रक्रिया यांभोवती फिरते. दातांचा विचार त्यात क्वचितच होतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखरोगांनी ग्रासले आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ एकोणिसाव्या वर्षी काढून टाकावी लागली, तर ती पुन्हा येत नाही. ती वाचविण्याचा खर्च काढण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असल्यामुळे गरजू विद्यार्थी काढण्याचाच मार्ग पत्करतो. दंतविम्याचा विचार येथून सुरू व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याची मांडणी केली आहे.

उपलब्ध विमा आणि दात
महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जाहीर केलेल्या समूह विम्यात २० रुपयांत १ लाखाचे व ६२ रुपयांत ५ लाखांचे अपघात संरक्षण, तर ४२२ रुपयांत २ लाखांपर्यंतचा वैद्यकीय विमा असे पर्याय होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र लागू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार वा इजा यांमुळे आवश्यक ठरणाऱ्या दंतोपचाराचा उल्लेख आहे, पण तोही रुग्णालयीन खर्चाच्या चौकटीतच. दुचाकीवरून पडून जबडा मोडल्यास यांपैकी काहींचा आधार मिळू शकतो. कीड लागलेल्या दाढेला मात्र तो सहसा मिळत नाही, कारण दाढ भरणे, रूट कॅनाल करणे, कॅप बसविणे ही सारी बाह्यरुग्ण विभागातील कामे आहेत.

याचे कारण विमाशास्त्रात आहे. क्वचित घडणाऱ्या, मोठ्या व अनपेक्षित हानीसाठी विमा सर्वाधिक उपयुक्त ठरतो. दातांचा खर्च लहान, वारंवार येणारा व पुष्कळदा आधी दिसणारा असतो. ज्याची दाढ दुखते तोच हप्ता भरावयास पुढे येतो आणि हप्ता वाढतो. म्हणूनच दंतविम्यात प्रतीक्षा कालावधी, वार्षिक मर्यादा आणि उपचारानुसार घटती भरपाई या अटी येतात. अमेरिकेतील अनेक योजनांत तपासणीचा खर्च पूर्ण, दात भरण्याचा सुमारे ८० टक्के व कॅपसारख्या मोठ्या कामाचा ५० टक्के मिळतो. वार्षिक मर्यादा बहुधा १००० ते २००० डॉलर असते.

हप्त्याचा हिशेब
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वार्षिक हप्ता ६०० रुपये आहे. सहा महिन्यांनंतर रूट कॅनालच्या ३००० रुपयांपैकी निम्मी रक्कम मिळते आणि ३००० रुपयांच्या कॅपला काहीच मिळत नाही. उपचार करून घेणाऱ्या विद्यार्थ्यास १५०० रुपये मिळतील. हप्ता वजा जाता लाभ ९०० रुपयांचा. पदरचे मात्र ४५०० रुपये जातील. केवळ रूट कॅनालच्या भरपाईवर हा हप्ता वसूल व्हावयाचा, तर दरवर्षी पाचांपैकी दोन विद्यार्थ्यांना ती मिळावी लागेल. शिवाय जुलैत विमा घेतला तर पहिले सत्र प्रतीक्षेतच संपते. ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे ६०० रुपये म्हणजे श्रमाचे कित्येक तास होत.

याहून गंभीर बाब अशी की, भरपाईची रचना उपचाराची दिशा ठरविते. योजना दात काढण्याचे पैसे देत असेल व रूट कॅनालचे देत नसेल, तर ती दात काढण्यास उत्तेजनच देते. रूट कॅनाल देऊन कॅप नाकारणारी योजनाही अपुरीच. कॅपविना अशी दाढ चावताना फुटण्याचा धोका राहतो. तेव्हा माहितीपत्रकावरील एकूण रकमेपेक्षा उपचारांची यादी आधी वाचावी.

अंतराचा प्रश्न
या दोन जिल्ह्यांत एक अनुकूलता आहे. कराड येथे कृष्णा विश्व विद्यापीठाचे, सांगलीत भारती विद्यापीठाचे व जवळच कवलापूर येथे वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. शैक्षणिक रुग्णालयांतील दर सामान्यतः खासगी दवाखान्यांपेक्षा कमी असतात. सांगली, मिरज वा कराड येथील विद्यार्थ्यास विमा नसतानाही तेथे परवडणारा उपचार मिळू शकतो. त्याच्यासाठी भारी हप्ता निरर्थक ठरेल. जत, आटपाडी, दहिवडी वा महाबळेश्वर येथील विद्यार्थ्याचे तसे नाही. रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीस तास बुडतात, आणि एसटीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गापुरता असतो. हा खर्च विम्यात सहसा धरला जात नाही.

म्हणून या भागातील महाविद्यालयांनी व्यापक पण ऐच्छिक विम्यापेक्षा मर्यादित, सर्वांसाठी असलेली व्यवस्था निवडणे अधिक हितावह दिसते : वर्षातून एक तपासणी, लवकर लक्षात आलेली कीड भरणे आणि जवळच्या दंत महाविद्यालयाशी ठरविलेले सवलतीचे दर. सर्वजण सहभागी असल्यास दरडोई भार घटतो. कॅनडातील विद्यार्थी संघटनांच्या अनेक योजनांत प्रत्येकाची नोंद आपोआप होते व ज्याला अन्य विमा आहे तो मुदतीत बाहेर पडू शकतो. आपल्याकडे मात्र शुल्कासोबत सक्तीने घेतलेली कोणतीही रक्कम वादाचा विषय होते; बाहेर पडण्याची सोय प्रवेश अर्जातच ठळकपणे द्यावी लागेल.

करारापूर्वी कराचाही हिशेब करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला. समूह विम्याला ती माफी लागू झाली नाही. महाविद्यालयाने समूह म्हणून घेतलेल्या ६०० रुपयांच्या हप्त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १०८ रुपये अधिक पडतील, आणि तेवढ्याने वर मांडलेल्या उदाहरणातील लाभ ७९२ रुपयांवर येतो.