बॅजची पाठ वाचा, बॉस!

कुणी घड्याळं जमवतं, कुणी स्नीकर्स. मी जमवतो ब्रिटिश काळातले लष्करी टोपीवरचे बॅज. तळहातावर मावणारी हॉबी! पण मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की ऑनलाइन लिलाव, फडक्यातून बॅज बाहेर आला की डायलॉग ठरलेला, "साहेब, पहिल्या महायुद्धातला आहे, एकदम ओरिजिनल!" बनावट माल इतका सुटलाय, की आधी संशय, मग सौदा हाच माझा फंडा.

समोरून सगळेच हीरो

म्हणून बॅज हातात आला की आधी उलटा करा. शिपायांचे जुने बॅज बहुतेक पत्रा ठशात दाबून काढलेले. त्यामुळे पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. स्वस्तातली नक्कल ओतीव असते. तिची पाठ खरबरीत, बारीक खड्ड्यांची, कडेला जोडाची रेघ आणि अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी पुसट!

मग बघा टोपीत खुपसायची उभी पट्टी, म्हणजे स्लायडर. तिचा डाग नीटनेटका हवा. कथलाचे गोळे दिसले की सावध व्हा. पट्टीवर 'जे. आर. गाँट' हे बर्मिंगहॅमच्या नामांकित कारखान्याचं नाव दिसलं म्हणून हुरळू नका, नकलाकारही ते छापतात.

सगळ्यात चकवा देतात ते री-स्ट्राइक, म्हणजे जुन्याच ठशातून नंतर काढलेले बॅज. इथे झीज बघायची. वर्षानुवर्षं पॉलिश केलेला बॅज उंचवट्यांवर गुळगुळीत होतो, खाचांत कमी. सगळीकडे सारखाच काळवंडलेला असेल, तर तो म्हातारा झालेला नाही, त्याला म्हातारा केलंय.

मुकुट बघा, साल कळेल

१९०१ ते १९५२ या राजांच्या काळातल्या बॅजवरच्या मुकुटाच्या कमानी गोल, घुमटासारख्या. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळात आलेला मुकुट मध्ये खाली दबलेला. आता गणित करा. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, आपल्या लष्करी बॅजवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी गादीवर आली १९५२ मध्ये. म्हणजे मराठा पलटणीच्या बॅजवर दबका मुकुट दिसला, तर तो बॅज कधी अस्तित्वातच नव्हता!

नंबरही बोलतात. '११० मराठा' हा आकडा १९०३ च्या फेररचनेत आला आणि १९२२ च्या फेररचनेत गेला. दुसऱ्या महायुद्धातला म्हणून कुणी तो विकत असेल, तर हसून पुढे चला. आणि एक नवा घोळ... २०२२ नंतर राजे चार्ल्स यांनी पुन्हा गोल कमानींचा मुकुट घेतलाय. म्हणजे 'गोल मुकुट, जुना माल' हे समीकरण बाद!

उलट, गरीब दिसणारा बॅज अस्सल निघू शकतो. पहिल्या महायुद्धात काटकसरीसाठी दोन धातूंऐवजी नुसत्या पितळेचे बॅज निघाले, दुसऱ्यात चक्क प्लॅस्टिकचे. मळकट प्लॅस्टिक दिसलं म्हणून फेकू नका.

एवढा आटापिटा कशाला?

प्रश्न फक्त पैशांचा नाही. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या. उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदेत कित्येक जण गेले. गेल्या महिन्यात ओतलेल्या पितळेला कुणी 'कुतचा बॅज' म्हणतो, तेव्हा तो त्यांची भूक विकत असतो. आणि अशा शंभर नकला फिरल्या, की खऱ्या बॅजवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तेव्हा वीकेंडला बाजारात जाणार असाल तर दहा पटींचं भिंग खिशात ठेवा. पण त्याआधी गावच्या घरातली जुनी ट्रंक उघडा. पणजोबा पलटणीत असतील, तर एखादा बॅज तिथेच असेल. त्याला ब्रासो लावू नका. फोटो काढा. नाव, गाव, पलटण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. बॅज कुठल्या सालचा हे भिंगातून कळेल, पण तो कुणाच्या टोपीवर होता हे फक्त तेच सांगू शकतील.